तीन महिन्यांची टोपली, तीन हजारांचा हिशेब

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की माळ्यावरचा पाळणा उतरवायची धांदल सुरू होते. पाळणा सापडतो, पण त्याची साखळी कुणीतरी नेलेली असते, आणि साखळी मिळालीच तर नव्या घराच्या स्लॅबला कडी नसते. मग कुणीतरी मोबाइलवर क्रोशाच्या टोपलीत झोपलेल्या बाळाचा फोटो काढून दाखवतं आणि घरातल्या विणणाऱ्या बाईकडे सगळे बघायला लागतात. आमच्या जयसिंगपुरातल्या घरात ती बाई मी. आजवर तीन टोपल्या केल्या. पहिली फसली, दुसरी बरी झाली, तिसरीत भाचीचं बाळ झोपलं. पैसे तिन्हींना लागले, म्हणून हिशेब मांडते.

आधी टोपलीचं आयुष्य किती ते बघा. बाळ कुशीवर वळायला लागलं किंवा हातावर जोर देऊन छाती उचलायला लागलं की टोपली बंद करायची. म्हणजे तीन महिने, फार तर चार. आपल्याकडे माहेरपणही साधारण तेवढंच टिकतं. सव्वा महिना होतो, बारसं कधीच झालेलं असतं, आणि तिसऱ्या महिन्यात सासरची गाडी दारात उभी राहते. खर्च करताना हे डोळ्यांसमोर ठेवा. पाच-सात हजारांची टोपली नव्वद दिवसांसाठी करायची का, याचं उत्तर ज्याचं त्यानं द्यावं. माझ्या मते तीन हजारांच्या आसपास ती चांगली होते. त्याहून स्वस्त करायला गेलात तर बहुतेक वेळा नको तिथे कात्री लागते.

नको तिथे म्हणजे कुठे, ते माझ्या पहिल्या टोपलीने शिकवलं. फोटोत टोपली नुसती विणलेली दिसते, म्हणून मीही नुसती विणली. रिकामी असताना ती ऐटीत उभी होती. बाळाच्या वजनाचा अंदाज म्हणून तीन किलो तांदळाची पिशवी आत ठेवली, तर तळाला पोट सुटलं आणि दोन्ही बाजू आत कलल्या. अशा खोलगट जागेत बाळ मध्ये घरंगळतं, हनुवटी छातीला टेकते आणि कडेचं कापड नाकाजवळ येतं. ती टोपली आता लोकरीच्या गुंड्या सांभाळते. सांगायचं काय, तर दोरीने टोपलीला रूप येतं. भार पेलतात तळाची फळी, काठाचं कडं आणि घट्ट गादी. फिनलंडचं सरकार १९३८ पासून बाळंतिणींना बाळाच्या सामानाने भरलेला पुठ्ठ्याचा खोका देत आलं आहे, आणि कित्येक फिनिश बाळांचं ते पहिलं अंथरूण ठरलं. साधा खोका चालतो, कारण त्याचा तळ सपाट असतो आणि आत घट्ट गादी असते.

आता माप. तळ लांबट गोल, ७० सेंटिमीटर लांब आणि ३५ रुंद. भिंत २५ सेंटिमीटर उंच. गादी ४ सेंटिमीटरची धरली तर तिच्यावर २१ सेंटिमीटर भिंत उरते. अमेरिकेतल्या मानकात ही उरलेली उंची किमान साडेसात इंच, म्हणजे १९ सेंटिमीटर सांगितली आहे. आपण त्याच्या थोडं वरच राहतो. या मापाच्या तळाचं क्षेत्रफळ सुमारे २,२०० चौरस सेंटिमीटर होतं. काठाचा घेर १८० सेंटिमीटर, म्हणून भिंतीचं ४,५००. दोन्ही मिळून ६,७००. म्हणजे दहा बाय दहाचे ६७ चौकोन.

दोरी किती घ्यायची, हे दुकानदाराला विचारू नका. थोडी दोरी आणून दहा बाय दहाचा एक चौकोन विणा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. माझा चौकोन ५ मिलिमीटर जाडीच्या सुती दोरीचा, ८ नंबरच्या सुईने घट्ट विणलेला. तो ४२ ग्रॅम भरला. त्याला ६७ ने गुणलं की २ किलो ८०० ग्रॅम होतात. काठ आणि उसवाउसवीसाठी थोडी जास्त धरून सव्वातीन किलो आणायची. तुमचा हात सैल असेल तर चौकोन हलका भरेल, पण मग टोपलीही सैल होईल. सुई एक नंबर खाली घ्या.

हा चौकोन फेकू नका. गरम पाण्यात धुऊन, वाळवून पुन्हा मोजा. कोरी सुती दोरी आटते. दुसऱ्या टोपलीच्या वेळी मी आधी फळी कापून घेतली आणि मग टोपली धुतली. फळी आत जाईना. सुतार हसला आणि परत कापायचे पैसे घेतले.

दोरीचे भाव दुकानागणिक बदलतात. मॅक्रमेची सुती दोरी मी किलोला ४०० रुपये धरते. रंगीत थोडी महाग, कोरी थोडी स्वस्त. तुम्हाला मिळेल तो भाव घाला, पुढचं गणित तेच राहील. बाळासाठी मी कोरीच घेते. रंगीतच हवी असेल तर ओला पांढरा रुमाल दोरीवर जोरात घासून बघा. रुमालाला रंग लागला तर ती दोरी पडद्याला ठेवा. ३ मिलिमीटरची दोरी दिसायला नाजूक असते आणि विणकाम सुबक होतं, पण मोह टाळा. जाड दोरीत सगळी टोपली सहा हजार टाक्यांत होते, बारीक दोरीत तेच टाके सोळा-अठरा हजारांवर जातात, आणि एवढं करून भिंत लुळीच राहते. टी-शर्टच्या कापडाच्या पट्ट्यांचं सूतही मिळतं. स्वस्त असतं, हाताला मऊ लागतं, पण ते ताणतं. पिशवीला उत्तम.

फसवणूक होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे वजनात. दोरी पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली असते आणि काही ठिकाणी नळीसकट किलो मोजतात. बंद पाकिटावर निव्वळ वजन आणि कमाल किंमत छापलेली असलीच पाहिजे. सुटी घेत असाल तर रिकामी नळी काट्यावर ठेवायला सांगा. दुसरी फसवणूक ‘कॉटन’ या शब्दात. मला एकदा शंभर टक्के सुती म्हणून दिलेल्या दोरीच्या पोटात पॉलिस्टरचा गाभा निघाला. तेव्हापासून मी आधी बोटभर तुकडा काडीने पेटवून बघते. सूत कागदासारखं जळतं आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. दुकानात हे करताना दुकानदाराला थोडा राग येतो, येऊ द्या. पक्कं बिल घ्या. त्याशिवाय तक्रार करायला हातात काही राहत नाही. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावता येतो.

आपल्या भागात आणखी एक वाट आहे. एसटीने थोड्या वेळात इचलकरंजी येते, जिथे १९०४ पासून यंत्रमाग खडखडतो आहे. ओळखीत कुणाचे शटललेस माग असतील तर कापडाच्या कडेने कापल्या जाणाऱ्या किनारीच्या पट्ट्या किलोवर अगदी कमी भावात मिळू शकतात. दोन-तीन पट्ट्या एकत्र घेऊन विणलं तर जाडी येते. पण त्या सुताला सायझिंगची खळ असते आणि धाग्यांचे तुसे सुटत राहतात. दोनदा उकळून, स्वच्छ पाण्यातून काढून, कडक उन्हात वाळवूनच हातात घ्या. एवढी उस्तवार करून सहा-सातशे रुपये वाचतात. वेळ असेल तर जरूर करा. नववा महिना लागला असेल तर सरळ दोरी आणा.

विणकामाचं थोडक्यात सांगते, कारण ज्यांना क्रोशा येतो त्यांना जास्त सांगायला नको आणि ज्यांना येत नाही त्यांनी सुरुवात टोपलीने करू नये. ३२ साखळ्या घालायच्या. त्यांच्या दोन्ही अंगांनी मुके खांब घेत फिरायचं, दोन्ही टोकांना मिळून दर फेरीत सहा खांब वाढवायचे. सतरा-अठरा फेऱ्यांत तळ होतो. दर तीन फेऱ्यांनी तो फरशीवर पसरून बघा. कड लाटेसारखी उठली तर एका फेरीत वाढ नको. वाटीसारखी वर वळली तर दोन खांब जास्त घाला. मग एक फेरी फक्त मागच्या धाग्यातून घ्यायची, की भिंत काटकोनात उभी राहते. पुढे वाढ न करता पंचवीसेक फेऱ्या. जाळीची नक्षी, टोचे, भोकं काही नको. बाळाचं बोट नाही तर पायाचा अंगठा त्यात अडकतो. मुका खांब दिसायला कंटाळवाणा खरा, पण घट्ट बसतो. जाड दोरीने मनगट भरून येतं. मिनिटाला सहा-सात टाक्यांच्या वर जाणं होत नाही, म्हणजे नुसतं विणणं चौदा-पंधरा तासांचं. शिलाई, अस्तर, उसवणं धरून बावीस तास. रोज संध्याकाळी दीड तास बसलात तर पंधरा दिवस.

शेवटच्या फेरीत वेताचं कडं अडकवायचं. बुरूडकाम करणाऱ्यांकडे बोटभर जाडीचा दोन मीटर वेत मिळतो. तो पाण्यात भिजवून वळवायचा, टोकं तिरकी तासून एकमेकांवर बसवायची आणि दोऱ्याने करकचून बांधायची. मग शेवटच्या फेरीचा प्रत्येक खांब त्याला पोटात घेऊन विणायचा. दीडशे रुपयांत भिंतीला कणा मिळतो. तारेचं कडं स्वस्त पडतं, पण तारेचं टोक कधी तरी बाहेर येतंच. ते नकोच.

तळाला ६ मिलिमीटरची पाणी सोसणारी प्लाय. लाकडाच्या वखारीत किंवा फर्निचर करणाऱ्याकडे एवढा तुकडा कातरणीत निघतो. लांबट गोल कापून, कडा घासून, मध्ये हवेसाठी दहा-बारा भोकं पाडून अडीचशे रुपये धरा. प्लायला डिंकाचा उग्र वास असेल तर आठवडाभर गच्चीवर ठेवा, आणि वास गेला नाही तर ती फळी वापरू नका. महाभारतात कुंतीने कर्णाला ज्या पेटीत सोडलं तिच्या फटी मेणाने बंद केल्या होत्या. तिला नदीची भीती होती. आपल्याला भीती दमटपणाची, म्हणून आपण फटी मुद्दाम ठेवायच्या.

गादीवर मात्र कंजुषी नको. घरच्या कापसाची मऊ गादी शिवून घालायचा आजीचा आग्रह मी दोन घरांत ऐकला आणि दोन्हीकडे मोडून काढला. गादी इतकी घट्ट हवी की तळहाताने दाबून हात उचलला की खड्डा उरू नये. फोमच्या दुकानात दाट फोम किंवा काथ्याची गादी मापाने कापून मिळते. कागदावर तळाचा आकार काढून न्या आणि त्या आकाराबरहुकूम कापून घ्या. भिंत आणि गादी यांच्यात एका बोटापेक्षा जास्त फट राहिली तर परत द्या. खोळीसकट साडेचारशे रुपये. वर ओल न झिरपणारं कापड १२० रुपयांचं आणि सुती ताणून बसणारे अभ्रे तीन. एक वापरात, एक धुण्यात, एक दोरीवर. तिन्हींचे कापड-शिलाईसह तीनशे. आतल्या भिंतीला पातळ सुती अस्तर, तेही ताणून शिवलेलं, अडीचशे. अस्तरात स्पंज भरून ‘मऊ भिंत’ करू नका. तान्ह्या बाळाच्या नाकाला मऊ भिंतच धोक्याची.

आता बेरीज. दोरीचे १,३००, सुईचे १२०, वेताचे १५०, फळीचे २५०, गादीचे ४५०, ओलकापडाचे १२०, अभ्र्यांचे ३००, अस्तराचे २५०. एकूण २,९४०. सामानासाठी सांगलीच्या दोन खेपा धरल्या तर तीन हजारांच्या वर थोडं. नव्वद दिवसांनी भागा, दिवसाला तेहतीस रुपये पडतात. बघा, दोरी निम्म्याहूनही कमी आहे. फोटो बघून येणाऱ्यांना सगळा खर्च दोरीचाच वाटतो आणि गादी घरातलीच एखादी चालेल असं वाटतं. तिथेच टोपली बिघडते.

विणायला बाहेर द्यायची असेल तर मजुरी कशी ठरवायची? ‘घरबसल्याच तर करायचंय’ म्हणून चारशे रुपये हातावर टेकवणारे लोक मी पाहिलेत. बावीस तास म्हणजे जवळजवळ तीन दिवस. आपल्याकडे भांगलणीला जाणारी बाई दिवसाला जी हजेरी घेते ती तिप्पट करा, आणि हातातल्या कसबाचे त्यावर निम्मे चढवा. हजेरी साडेतीनशे धरली तर पंधराशेच्या थोडं वर जातं. सामान तुमचं, मजुरी तिची, असं साडेचार हजारांत काम होतं. तयार टोपलीला कुणी याहून फार कमी सांगत असेल तर कुठे हात आखडलाय ते विचारा. बहुतेक वेळा तळाची फळी नसते, किंवा गादी दोन बोटांचा लुसलुशीत स्पंज असतो.

आणि हे माझ्या विणकामाच्या विरोधात जातंय तरी सांगते. बांबूची टोपली मापाने विणून घेतली आणि तिला फक्त बाहेरून क्रोशाचं आवरण केलं, तर ताकद बांबूची मिळते आणि शोभा क्रोशाची. आवरणासाठी तळ विणावाच लागत नाही आणि दोरी बारीक चालते, त्यामुळे दोरीचा खर्च उतरतो. बांबूवाल्याला कुसळं तासून द्यायला बजावून सांगा, आणि फळी-गादी इथेही तीच. आमच्या आधीच्या पिढ्यांनी पाचवीच्या दिवशी बाळाला सुपात निजवलं, ते सूपही बांबूवाल्याच्याच हातांनी विणलेलं असायचं. तिसरी टोपली मी अशीच केली.

या टोपलीला मी कान लावत नाही, म्हणजे उचलायचे बंद. कान लावले की कुणीतरी बाळासकट उचलणार, हे नक्की. बाळ आधी हातात घ्यायचं, मग टोपली हलवायची. ती जमिनीवरच ठेवायची; पाटावर, दिवाणावर, ओट्यावर नाही. गाडीत बाळाला न्यायला तर अजिबात नाही. उसाच्या कडेला घर असेल, मांजराची ये-जा असेल तर छत्रीसारखी मच्छरदाणी वर घाला. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-बाळंतशेपाची धुरी देतात, शेगडी पेटते. सुती दोरी आणि निखारा एका खोलीत नकोत. धुरीच्या वेळी टोपली आणि बाळ दोन्ही बाहेर.

आत काय ठेवायचं? बाळ. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, आजीची मऊ गोधडी, भिंतीला अडकवलेलं चिमणाळं, मण्यांचं तोरण, यातलं काहीही टोपलीत नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं की बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर झोपवावं, आणि जवळ मऊ काही ठेवू नये. आपल्या घरात हे सांगताना थोडी भांडणं होतात. उशी द्यायचीच असेल तर बारशाला नावापुरती द्या, फोटो काढा आणि उचलून घ्या. शेवटी ही घरी केलेली वस्तू. कुठल्याही प्रयोगशाळेने ती तपासलेली नाही. म्हणून मी ती दिवसाच्या झोपेला, कुणीतरी जागं आणि जवळ असताना वापरायला सांगते. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

धुण्याचं गणित पावसाळ्यात चुकतं. सव्वातीन किलोची दोरी भिजली की बादलीभर पाणी धरून बसते आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिला सुकायला चार दिवसही पुरत नाहीत. मग काळे ठिपके पडतात. बाळंतपण त्या दिवसांत असेल तर अस्तर बटणांनी निघेल असं शिवा आणि फक्त तेच धुवा. आमच्या शिरोळ तालुक्यात पावसाळा कसा असतो हे वेगळं सांगायला नको. २०१९ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांच्या सुती सामानाचं काय झालं ते त्यांनाच विचारा. वेताचं कडं ओलं राहिलं तर त्याला बुरशी येते, म्हणून सुकवताना टोपली उपडी ठेवायची.

बाळ घालण्याआधीची परीक्षा साधी आहे. दहा किलो तांदळाचं पोतं मधोमध ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी तळाखाली हात घाला. फळी वाकली नसेल, चारी बाजूंनी काठ सारख्या उंचीवर असेल आणि एका बाजूला दाबून टोपली कलंडत नसेल तर ती पास. माझ्या तिसऱ्या टोपलीचं पोतं काढताना घरातल्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

भाची गेल्या महिन्यात सासरी गेली. टोपली इथेच आहे, कारण पुढच्या फेब्रुवारीत शेजारच्या गल्लीतली मुलगी येणार आहे. तिच्यासाठी आवरण धुतलेलं, काठ तपासलेला, फळी तीच. गादी मात्र नवी घ्यायची, साडेचारशेची. ते पैसे तिच्या आईने आत्ताच आणून दिलेत.